मुकं पाणी

चुलीच्या तोंडाशी उभी केलेली भाकरी टम्म फुगली की तिचा वरचा पापुद्रा आबा अलगद सोलायचे, त्यावर तेलाचं बोट फिरवायचे, चटणी भुरभुरायचे आणि तो मला द्यायचे. मला कळायला लागलं तेव्हापासून तो पापुद्रा माझा. पाहुणे असोत, सण असो, आई माझ्यावर रागावलेली असो, पापुद्रा माझाच. सुमी आमच्याकडं राहायला आली त्या संध्याकाळी आबांनी नेहमीसारखा पापुद्रा सोलला, तेल लावलं, आणि त्यांचा हात माझ्या ताटाकडं न येता तिच्या ताटाकडं गेला. सुमीनं तो घेतला आणि दोन घासांत खाऊन टाकला, त्यात काही विशेष आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मी खाली मान घालून आमटी ओरपत राहिले. आज साठीकडं झुकल्यावर हे लिहिताना हसू येतं, पण खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी माझ्या पोटात जे पेटलं ते पुढं बरीच वर्षं विझलं नाही.

सुमी म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. माझ्याहून धाकटी, मला अक्का म्हणायची. तिचे वडील ती लहान असतानाच गेले आणि आत्या दिरांच्या हाताखाली, गारगोटीच्या पुढं डोंगराच्या कुशीतल्या एका गावात दिवस काढत होती. आबांनी ठरवलं, पोरीला कोल्हापुरात ठेवून शिकवायची, नर्स करायची. आम्ही तेव्हा कसबा बावड्यात राहत होतो. आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. दोन खोल्या, मागं न्हाणी, परड्यात एक म्हैस. हंगामात कारखान्याचा भोंगा झाला की आई घड्याळाकडं न बघता चूल पेटवायची, आणि उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांनी रस्ता दिवसभर वाजत असायचा. मळीचा वास तर आमच्या कपड्यांना, उशांना, केसांनासुद्धा होता. आम्हाला तो जाणवायचा नाही. सुमी आली त्या दिवशी नाकाला पदर लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या गावाला गुळाचा ताप आलाय की." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं कधी हसवलं नव्हतं. मी मुळातच कमी बोलणारी. घरात सगळे माझं कौतुक करायचे ते एवढ्यासाठीच, की मंगल बोलत नाही, पण बोलली तर खरं बोलते.

आबांना एकच वेड होतं, उभाईदेवीच्या गडाचं. आमचं घराणं मूळचं त्या गडाखालच्या वाडीतलं, पिढीजात गडकरी. गडावर पहारा करायचा, पाण्याच्या टाक्यांची निगा ठेवायची आणि त्याबद्दल मिळालेली जमीन खायची, असं चाललेलं. पुढं साहेबाच्या राज्यात ती जमीन आणि तो मान दोन्ही जायची पाळी आली, तेव्हा गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडलं. तोफा आल्या, दरवाजा पाडला, आणि पुन्हा कुणी वर चढून बसू नये म्हणून वरच्या अंगाच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. त्या जागेला वाडीत अजून 'तुटका टप्पा' म्हणतात. दर रविवारी दुपारी परड्यात बाज टाकून आबा हे सांगायचे. मी लहानपणापासून ऐकत आलेली, त्यामुळे मला पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीला मी नुसती मान हलवायची. सुमी तसं ऐकायची नाही. ती भांडायची. पायऱ्या उडवल्या तर देवीला वरचं पाणी कोण आणत होतं, टाक्यात पाणी झिरपतं कुठून, बायका काय करत होत्या. ती गडाच्या पलीकडच्या अंगाला वाढलेली, रोज उठून तोच डोंगर बघितलेला. आबा बाजेवर उठून बसायचे, काडीनं मातीत गडाचा नकाशा काढायचे. मी आत भांडी घासताना तो आवाज ऐकायची. भांडी जरा जास्तच आपटायची. आई म्हणायची, "अगं, चेपतील." आबांना ऐकू जायचं नाही.

बायका काय करत होत्या, याचंच उत्तर म्हणजे मुकं पाणी. गडाला वेढा पडला तेव्हा गडकऱ्यांची काही माणसं निसटून खालच्या रानात लपली होती, आणि माथ्यावरच्या टाक्यातलं पाणी वाडीतल्या पोरी चौकीच्या नाकाखालून त्यांना नेऊन देत. वाटेत एक शब्द नाही, हुंकार नाही. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण त्याची आठवण म्हणून वाडीतल्या देवळात दर माघी यात्रेला उभाईला आंघोळ घालायची ती माथ्यावरच्या टाक्यातल्या पाण्यानं. एका घरची लग्न न झालेली पोर तांब्याची कळशी घेऊन वर जाते, पाणी भरते आणि देवळाच्या पायरीपर्यंत एक शब्द न बोलता उतरते. कळशी जमिनीला टेकवायची नाही. तिच्यामागून दुसरी एक पोर चालते, ती पाठराखीण. बाकीची माणसं आधीच उतरून खाली थांबतात. पोरी तुटक्या टप्प्याखाली दिसल्या की हलगी बंद होते. देवळापाशी घरातली थोरली बाई पाठराखिणीला विचारते, पाणी मुकं आहे का. कळशीवालीला विचारत नाहीत, कारण तिनं बोलायचंच नसतं. पाठराखीण हो म्हणाली की हलगी परत सुरू होते. नाही म्हणाली तर ते पाणी करंजाच्या बुडात ओततात, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरची पोर वर जाते. मान घराघरांत फिरतो. आमच्या घराची पाळी बऱ्याच वर्षांनी येत होती.

ती पाळी त्या वर्षी आली. मी घरची थोरली, कळशी माझीच, हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं पण मनात धरून बसले होते. डोक्यावर चुंबळ ठेवून मी परड्यात भरलेली घागर घेऊन चालायचा सराव करायची, म्हैस माझ्याकडं बघायची. एका रविवारी आबांनी मला बाहेर बोलावलं. सुमी शेजारीच शेंगा सोलत होती. ते म्हणाले, कळशी सुमी घेईल. लेकीची लेकसुद्धा घरचीच, वाडीनं तसं मान्य केलंय. मग त्यांना वाटलं असावं, काहीतरी समजूत घालायला हवी.

"सुमीचं पाय कड्यावर वाढल्यात, मंगल. तू मागं ऱ्हा. पाठराखीण खरं बोलणारी लागती, आनि ते तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय."

मी बरं म्हणाले. आत येऊन चुलीत लाकूड सारलं. सुमी मागून आली आणि शेंगदाण्यांची मूठ माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, मला पित्त होतं.

यात्रेच्या दिवशी आम्ही उजाडायला चढायला लागलो. त्या चढाविषयी आजची पोरं मला विचारतात, आजी तुम्ही त्या काळी दोर न लावता कशा गेलात. अशाच गेलो, नऊवारीचे काष्टे मारलेल्या बायका पुढं आणि आम्ही पाचवारी साड्या खोचून मागं. खालचा अर्धा डोंगर दाट रानाचा, कारवीचा, वाटेत गव्यांच्या खुरांचे ठसे. मग झाडं संपतात आणि मधूनच एखादं कारवीचं खोड सोडलं तर नुसता वाळल्या गवताचा उघडा उतार लागतो. माघातलं ते गवत इतकं गुळगुळीत असतं की पाय टाकावा तर खाली मुरूम सरकतो. त्याच्या वर तुटका टप्पा. सुरुंगानं फोडलेला कातळ, अर्ध्या पायऱ्या गायब, आणि मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी नंतर पहारीनं पाडलेल्या खोबण्या. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला काही नाही. सुमी तिथं शेळीसारखी चढली. आबा तिच्यामागून चढत होते आणि मला दोनदा म्हणाले, "बघ, ती पाय कुठं ठेवती बघ." मी बघत होते. दुसरं काय करत होते मी सकाळपासून.

माथा म्हणजे वाऱ्याचं माळरान. पडकी तटबंदी, एका बाजूला कोकणात कोसळणारा कडा, आणि कातळात खोदलेलं टाकं. पाणी काळं आणि इतकं गार की बोटं दुखतात. माथ्यावर भाकरी, खर्डा आणि दही खायचा रिवाज. आबांनी दह्याचं गाडगं आपल्या हातानं सुमीपुढं ठेवलं, कारण पुढं तिला उतरून येईतो तोंड उघडायचं नव्हतं. मग बायका-माणसं उतरून गेली. आबा सगळ्यांच्या शेवटी गेले, आणि जाताना त्यांनी सुमीच्या डोक्यावर हात ठेवला. मी मागंच उभी होते. तो हात माझ्यापर्यंत आला नाही. त्यांच्या मनात तसं काही नसेल, घाईत असतील, हे आज कळतं.

सुमीनं कळशी भरली, आंब्याची पानं तोंडावर लावली आणि निघाली. मी मागं. दोघीच. वारा आणि खालची पुसट हलगी सोडली तर कसला आवाज नव्हता. तुटका टप्पा ती एका हातानं कळशी खांद्याशी धरून, दुसऱ्या हातानं कातळ चाचपत उतरली, आणि पाण्याचा थेंब सांडला नाही. मला तिचा तो शहाणा, जपून पडणारा पाय बघवेना. टप्पा संपला, गवताचा उतार लागला, आणि खालून हलगी थांबलेली कळली. म्हणजे आम्ही दिसत होतो. म्हणजे सुमी दिसत होती. मी तिच्या पाठीआड होते. तेव्हा माझ्या मनात आलं ते इतकं बारीक आणि हलकं होतं की लिहायची लाज वाटते. मला वाटलं, मीही दिसावं. बस. पुढं वाट एका मोठ्या खडकाआडून वळत होती, तिथं ती सोडून मी उजवीकडच्या गवतातून आडवी निघाले, तिच्या पुढं जायला. चार पावलं गेले असेन. पायाखालचा मुरूम सरकला आणि मी पाठीवर घसरत कड्याच्या तोंडाकडं निघाले. हाताला गवत येत होतं आणि उपटून मुठीत राहत होतं.

"अक्का, डावीकडं! कारवीचं खोड धर!"

मी डावीकडं हात मारला. खोड लागलं. पाय पुढच्या मोकळ्या जागेवर लोंबत होते. किती वेळ तशी होते कोण जाणे. कोपर सोलून निघालं होतं. गुडघ्यांवर सरपटत वाटेवर आले तेव्हा सुमी तिथंच उभी होती, कळशी तशीच धरलेली, आणि मोकळ्या हाताचा पंजा तिनं स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. आम्ही एकमेकींकडं बघितलं. खाली हलगी नव्हती, पण वारा वरच्या अंगाला वाहत होता, आवाज खाली गेला नव्हता. आम्ही घसरलो-बोललो ते त्या खडकाच्या आड. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिनं नजर खाली केली, वळली आणि चालू लागली. मी हात पदराआड घेतला आणि मागं निघाले. उरलेल्या सगळ्या उतारावर मी ठरवत होते की मुकं आहे म्हणायचं. यात दुसरा विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ती बोलली म्हणून मी जिवंत होते.

देवळाच्या अंगणात माणसं दोन्ही बाजूंना दाटली होती. पुढं आबा. आमच्या वाडीत मानाच्या कळशीवालीच्या पायाखाली घरधनी आपला फेटा अंथरतो. आबांनी फेटा सोडला आणि वाकून तो जमिनीवर पसरला. सुमीचे धुळीनं भरलेले पाय त्या गुलाबी फेट्यावर पडले आणि आबा रडायला लागले. माझ्या वडिलांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. मला आठवतं, त्या क्षणी माझं कोपर दुखायचं थांबलं. थोरल्या काकू, आबांच्या चुलतभावाची बायको, पुढं आल्या आणि त्यांनी मला रिवाजाप्रमाणं विचारलं.

"पोरी, पाणी मुकं हाय काय?"

"न्हाय," मी म्हणाले. "सुमी बोलली."

हलगीवाल्यानं काडी उगारली होती, ती तशीच राहिली. माणसांत कुजबुज झाली. आबांनी डोळे पुसले नाहीत, नुसते सुमीकडं बघत राहिले.

"का गं?"

सुमीनं माझ्याकडं बघितलं. पदराआडच्या हाताकडं बघितलं. आता तिला बोलायला काहीच बंधन नव्हतं. मी वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला हवं होतं की तिनं सांगावं, म्हणजे मी खोटी पडेन आणि सुटेन.

"चुकून, मामा," ती म्हणाली.

पाणी करंजाच्या बुडात ओतलं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून कडकडा बोटं मोडली आणि चारचौघींना सांगितलं, पोर खरी आहे, आपल्या घरचं असून लपवलं नाही. परतीच्या एस.टी.त आबांनी मला खिडकीची जागा दिली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू माझी लाज राखलीस. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि गाडी गारगोटीच्या स्टँडवर येईतो मला दोनदा उलटी झाली. आईला वाटलं, गाडी लागली.

सुमी आमच्याबरोबर परत आली नाही. देवीचं पाणी बाटवलं म्हणून आत्याच्या दिरांनी तिला घरातच ठेवून घेतलं, आणि आबा भांडले नाहीत. एरवी ते भांडले असते. तिची ट्रंक मी भरली आणि आईनं ती गाडीवर घालून पाठवली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. चुलीपाशी पापुद्रा परत माझ्या ताटात पडायला लागला. मी तो खाल्लाही. आबा गेले तेव्हा सुमी आली होती, पायांशी बसून राहिली, आणि मी तिच्यापासून दोन बायका सोडून बसले. आबांना शेवटपर्यंत कळलं नाही की ती का बोलली. मी सांगितलं नाही. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि नंतर नंतर मी स्वतःची अशी समजूत घालत आले की मी तर खरंच बोलले होते. खोटं बोलले असते तर कधीच कबूल करून मोकळी झाले असते. खऱ्याची कबुली कशी द्यायची, हे मला कुणी शिकवलं नाही.

या माघात पाळी पुन्हा आमच्या घराची होती. तुटक्या टप्प्यावर आता लोखंडी शिडी आहे, खाली गाड्या लावायला जागा आहे, पुण्याकडची पोरं रंगीत पिशव्या पाठीला लावून येतात आणि गडाचा इतिहास मोबाईलवरून एकमेकांना वाचून दाखवतात. थोरल्या काकू केव्हाच गेल्या. आबांच्या मागं मुलगा नाही, म्हणून वाडीनं मान माझ्याच घरात ठेवलाय; घरात आता थोरली मीच, म्हणजे विचारायचं काम माझ्याकडं. कळशी सुमीच्या नातीकडं होती आणि पाठराखीण माझ्या मुलाची मुलगी. मी आणि सुमी देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो, दोघींचे गुडघे गेलेले. सुमीच्या आता बारा म्हशी आहेत, दूध संस्थेत तिच्या शब्दाला वजन आहे, आवाज अजून तसाच खणखणीत. हलगी वाजत होती. मी म्हटलं, सुमे, त्या साली मी सांगायला नको होतं. तू माझा जीव वाचवलास आणि मी तुझं वाटोळं केलं. हे म्हणायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली.

सुमीनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं, बाजूला थुंकली.

"तुझा जीव वाचवाय बोललो असं वाटतंय व्हय तुला?" ती म्हणाली. "तू पडली असतीस तर मामानं मला परत दारात उभं केलं नसतं. तेवढंच आलं मनात. तुला समदं घर हुतं अक्का, मला त्यो एकच माणूस हुता. आनि त्योबी तूच घेतलास."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. दुधाचा भाव सांगावा तसं म्हटलं. आणि माझ्या मनात काय आलं, तेही लिहून टाकते. मला वाटलं, हिचं आबांवर माझ्याहून जास्त प्रेम होतं. त्या वयात, त्या कट्ट्यावर, पांढऱ्या केसांनिशी, पुन्हा तेच पोटात पेटलं. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

"रडू नगंस आता," ती म्हणाली. "पोरी दिसाय लागल्या."

हलगी थांबली. उतारावरून दोन ठिपके खाली येत होते, एक पुढं, एक मागं. त्या अंगणात आल्या तेव्हा माझ्या मुलानं डोक्याचा फेटा सोडून अंथरला, सुमीच्या नातीचे पाय त्यावर पडले. कळशीतल्या पानांवरून पाणी निथळत होतं. मी उठून पुढं झाले. माझी नात धापा टाकत होती, ओढणीचं टोक तिनं उजव्या कोपराला गुंडाळलं होतं आणि त्यातून रक्ताचा डाग बाहेर आला होता.

"पोरी, पाणी मुकं हाय काय?"

तिनं आधी पुढच्या पोरीच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मागं कट्ट्यावर सुमी उभी राहिल्याची मला चाहूल लागली.

"व्हय, आजी. मुकं हाय."

मी तिच्या कोपराकडं बघितलं नाही. दोन्ही हात पुढं करून कळशी घेतली आणि हलगीवाल्याला म्हटलं, वाजीव.